डोळे मिटले की कानात माग: वडगावच्या एका विणकराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मी त्या कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पण घडल्याचा क्रम आणि माझ्या चुका जशाच्या तशा ठेवल्या आहेत. ज्यांच्याबद्दल हे आहे त्यांना इथे आप्पा म्हणते.

आप्पांचं वय 52. बेळगावच्या वडगावात घर, घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये चार यंत्रमाग. दोन मागांवर ते, दोनांवर मुलगा. वहिनी, म्हणजे आप्पांच्या पत्नी, ओसरीवर कांड्या भरायला, धोट्यातल्या नळ्यांवर सूत गुंडाळायला बसतात. वडगाव, खासबाग, शहापूर हा सगळा पट्टा साड्या विणणाऱ्यांचा. लग्नसराई आणि दिवाळीच्या आधी रात्रीचे दहा वाजले तरी माग थांबत नाहीत. मध्ये वीज गेली तर ती आल्यावर राहिलेलं काम भरून काढायचं, मग ते मध्यरात्रीही असो. आप्पा पंधराव्या वर्षापासून या आवाजात आहेत.

मी बारा वर्षं योगवर्ग घेते. पहाटे साडेपाचला, एका देवळाच्या सभागृहात. वर्गात मराठी बोलणारे आहेत तसे कानडी बोलणारेही, म्हणून सूचना दोन्ही भाषांत देते: ‘श्वास घ्या, उसिरु तगोरी. हळू सोडा, निधान बिडरी.’ कानडीत निधान म्हणजे सावकाश आणि मराठीत निधान म्हणजे ठेवा. सीमेवर राहण्याचा हा एक लाभच आहे, की एकच शब्द दोन अर्थांनी उपयोगी पडतो. पण या प्रकरणात नेमका तोच शब्द मी विसरले होते.

आप्पा माझ्याकडे आले ते झोपेसाठी. रात्री अकराला पडायचं आणि दोन-अडीचला जाग यायची. मग छातीत धडधड, घाम, उठून शेडमध्ये जाऊन बसणं. शेजाऱ्याने सांगितलं, योगाला जा, मन शांत होईल. आले त्या दिवशी मी त्यांना नाव, वय आणि ‘काही आजार आहे का’ एवढंच विचारलं. ‘तसं काय नाही, बाई’ असं ते म्हणाले आणि मी पुढे गेले. बीपी कधी तपासलंय का, हे विचारलं नाही. कामाचं स्वरूप विचारलं नाही. वडगावचा माणूस म्हणजे विणकर, हे मला आपोआप ठाऊक होतं आणि त्यापुढे काही जाणून घ्यावं असं वाटलंच नाही.

काय झालं

पहिले सात दिवस आसनं होती. ती आप्पांनी नीट केली. शरीर काटक होतं, खांदे मात्र कानाला लागल्यासारखे वर चढलेले. एक गोष्ट तेव्हाच माझ्या नजरेला पडली होती. शवासनात सगळे निपचित पडले की आप्पांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट हलत असे. तुटलेल्या धाग्याला गाठ मारताना हलतात तसंच, अगदी बारीक. मला कौतुक वाटलं आणि मी ते तिथेच सोडून दिलं. या माणसाचं शरीर आडवं झालं तरी कामावरून सुटत नाही, हे ती बोटं सांगत होती.

आठव्या दिवशी मी भस्त्रिका घेतली, म्हणजे भात्यासारखा जोरजोरात श्वास घेण्या-सोडण्याचा प्राणायाम. हवेत गारठा होता, वर्ग सुस्त होता आणि मला तो जागा करायचा होता. ‘जोरात, अजून जोरात’ असं मी म्हणत राहिले. तीन आवर्तनं झाल्यावर सगळ्यांना डोळे मिटून दहा मिनिटं ध्यानाला बसवलं.

चारेक मिनिटं झाली असतील. आप्पा एकदम उठायला गेले आणि भिंतीला टेकून बसले. चेहरा पांढरा पडलेला, हाताची बोटं आत वळलेली. ‘बाई, हाताला मुंग्या आल्यात. बोटं उघडंनात. वारं गेलं काय अंगावरनं?’ ओठही बधिर झाल्याचं त्यांनी सांगितलं.

हे का होतं, ते मला ठाऊक होतं. गरजेपेक्षा जोरात आणि भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने उतरतो. रक्त अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि मज्जातंतू चटकन चेततात. म्हणून ओठ आणि बोटं बधिर होतात, बोटं वाकडी होतात. मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसल्याने गरगरतं. आधीच घाबरलेल्या माणसाला यातली प्रत्येक खूण मरणाची वाटते, तो अजून भराभर श्वास घेतो आणि चक्र घट्ट होत जातं.

कुणीतरी कागदाची पिशवी घेऊन आलं. तोंडाला पिशवी लावायचा जुना उपाय बऱ्याच जणांना माहीत असतो. मी ती नको म्हटली, कारण हे हृदयाचं दुखणं असेल तर पिशवीने जीवाला धोका होतो. मी त्यांच्यासमोर बसले, डोळे उघडे ठेवायला सांगितले आणि मोठ्याने आकडे म्हणत त्यांचा श्वास सोडणं लांबवत नेलं. पंधरा मिनिटांत बोटं सुटली.

इथवर ठीक होतं. त्यानंतर मी त्यांना मुलाच्या गाडीवर बसवून घरी पाठवलं. त्यांना दवाखान्यात न्यायला हवं होतं. 52 वर्षांचा माणूस, छातीत धडधड, कधी न तपासलेला रक्तदाब, आणि मी स्वतःच्याच निदानावर विसंबले. हा या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय होता आणि तो मी चुकीचा घेतला. पुढे काही वाईट झालं नाही म्हणून तो बरोबर ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. ‘ह्यांनी रात्रभर शेडात बसून काढलंय, बाई. आता श्वास घ्यायलाच भ्यायलेत.’

तपासणीत काय निघालं

त्याच दिवशी मी त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे गेले. ईसीजी ठीक आला. रक्तदाब 158/96 होता. दोन दिवसांनी पुन्हा मोजला तर 154/98. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि मला स्पष्ट सांगितलं, रक्तदाब आटोक्यात येईपर्यंत भस्त्रिका नाही, कपालभाती नाही, श्वास कोंडून धरणं नाही, डोकं खाली जाईल असं आसन नाही. हे नियम मला पाठ होते. दुसऱ्यांच्या तोंडून ऐकताना मान खाली गेली.

निघताना आप्पा सहज म्हणाले, ‘डॉक्टर, डोळे मिटलं की कानात माग सुरू होतंय. शेडात असताना काय नाही. खरं घरात सगळं गप झालं की मोठं होतंय.’ आमच्याकडे ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणतात, आणि त्या दिवशी ते ‘खरं’ दोन्ही अर्थांनी खरं होतं. डॉक्टरांनी कानाच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. दोन्ही कानांत वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी झालेलं, सगळ्यात जास्त 4000 हर्ट्झच्या आसपास. आवाजात काम करणाऱ्यांच्या कानाला जी इजा होते तिचा आलेख बहुधा याच ठिकाणी खाली येतो. आठ तासांच्या कामासाठी 85 डेसिबल ही सुरक्षित मर्यादा मानतात, मागांच्या बंदिस्त शेडमध्ये आवाज अनेकदा 90च्या वर असतो. कानात वाजणारा आवाज त्या इजेचाच भाग होता.

आता सगळं माझ्या लक्षात आलं. शांत सभागृह, मिटलेले डोळे आणि ‘आता फक्त शांतता ऐका’ ही माझी आवडती सूचना. ज्या माणसाला शांततेत माग ऐकू येतो त्याला मी शांततेत नेऊन एकटं सोडलं होतं, तेही आधी त्याचा श्वास उधळून.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय आप्पांनीच मांडला: हे सगळं बंद. गोळी घ्यायची आणि गप्प राहायचं. तो अगदीच चुकीचा नव्हता. रक्तदाबाचं काम गोळी करणारच होती. पण झोप आणि रात्रीची भीती तशीच राहणार होती, आणि आता त्यात श्वासाचीही भीती मिसळली होती. ती भीती माझ्या वर्गात लागलेली, त्यामुळे ती तशीच सोडून मला हात झटकता येत नव्हते.

एका नातेवाइकाने इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर सुचवलं. त्यांना त्याचा मोठा गुण आला होता. पण दहा दिवस मौन, बहुतेक वेळ बसून ध्यान, घरापासून लांब. कानात आवाज आणि नुकताच येऊन गेलेला भीतीचा झटका अशा अवस्थेत हे नको, असं मी ठामपणे सांगितलं. शिवाय लग्नसराईत चार मागांपैकी दोन दहा दिवस बंद ठेवणं त्या घराला परवडणारं नव्हतं.

माझी पुण्यातली भाची ताय ची शिकते. तिने ते सुचवलं. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर सावकाश नेणं, डोळे उघडे, श्वास हालचालीच्या मागे येऊ देणं, हे सगळं आप्पांना चपखल बसणारं होतं. अडचण एवढीच, की सर्वत्र शिकवतात तो 1956 साली चीनमध्ये बसवलेला 24 हालचालींचा क्रम. तो लक्षात ठेवणं हा नवा ताण झाला असता, आणि मी स्वतः तो शिकवण्याइतकी जाणतही नाही. व्हिडिओ बघून दुसऱ्याला शिकवायचं नाही, हा माझा नियम आहे. वजन बदलण्याचं तत्त्व मात्र घ्यायचं ठरवलं.

चौथा पर्याय आपल्याच राज्यातला. बंगळूरच्या स्वामी विवेकानंद योग अनुसंधान संस्थेत डॉ. एच. आर. नागेंद्र यांनी आवर्तन ध्यान बसवलं. त्याचा आधार मांडूक्य उपनिषदावरच्या कारिकेतला, म्हणजे श्लोकांतून केलेल्या विवरणातला, एक विचार: मन पेंगायला लागलं तर जागं करावं, भरकटलं तर शांत करावं. म्हणून त्यात अतिशय संथ हालचाल आणि विश्रांती आलटून पालटून येते. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या शर्ली टेल्स आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात या ध्यानानंतर शरीराचा ऑक्सिजन वापर सुमारे 32 टक्के उतरला, नुसत्या शवासनानंतर सुमारे 10 टक्के. म्हणजे हलून मग थांबलेलं शरीर जास्त खोल विसावलं. पण त्या अभ्यासातली माणसं ही साधना शिकलेली होती. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा, कान वाजणारा विणकर त्यात नव्हता. आकडा बघून हुरळून जायचं नाही, दिशा तेवढी घ्यायची, असं मी ठरवलं.

काय केलं

आधी मोजलं. लोणावळ्याला 1924 साली कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योग प्रयोगशाळेत नेऊन मोजला. माझ्याकडे साधं घड्याळ होतं, पण तेही मी बारा वर्षांत कधी या कामाला वापरलं नव्हतं. आप्पा खुर्चीवर नुसते बसले असताना त्यांचे श्वास मिनिटाला 22 भरले. मोठ्या माणसाचे साधारण 12 ते 20 असतात. ते जिथे दिवसभर उभे असतात तिथला माग मिनिटाला शंभराच्या पुढे धोटा फेकतो. त्याच्या संगतीत माणूस सावकाश श्वास कुठून घेणार?

मग जागेचा प्रश्न आला. आप्पांना सगळ्यात सुरक्षित वाटायचं ते शेडमध्ये. रात्री माग बंद केल्यावर तिथेच करूया, असं ते म्हणाले. मला मोह झाला, कारण माणूस निर्धास्त असेल तिथे साधना लवकर रुजते. पण शेडच्या हवेत सुताची बारीक धूळ तरंगते. दिव्याच्या उजेडात ती दिसतेच. तिथे खोल श्वास घ्यायला लावणं बरं नव्हतं. शेवटी घरामागचं परडं ठरलं. तिथे तुळशीकट्टा आहे, चालायला बारा पावलांची फरशी आहे आणि शेजारच्या घरचा माग तिथवर ऐकू येतो. तो दूरचा आवाज आप्पांना हवासा होता. माझ्या शिकवणीत असलं काही बसत नव्हतं, तरी मी मान्य केलं.

आठवड्यातून तीन संध्याकाळी मी जायची. साधना सगळी मिळून वीस मिनिटांची. डोळे पूर्ण वेळ उघडे. पाय खांद्याएवढे फाकून उभं राहायचं आणि वजन डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे न्यायचं, इतकं सावकाश की तळव्याखाली फरशीचा गारवा सरकत गेलेला कळावा. मग श्वास घेताना हात खांद्यापर्यंत वर आणि सोडताना खाली. श्वास मोजायला मी पहिल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी बंद केलं. आकडे आले की आप्पांचा चेहरा कामाचा हिशेब लिहून घेतल्यासारखा व्हायचा. त्याऐवजी एवढंच सांगितलं: हात वर जायला जेवढा वेळ, त्याहून खाली यायला थोडा जास्त. श्वास आपोआप मागे येतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं लांबलं की शरीराला निवायला सवड मिळते. याहून जास्त शास्त्र मी त्यांना सांगितलं नाही.

पुढे अर्धकटिचक्रासन, म्हणजे उभ्याने कमरेतून बाजूला वाकणं, तेही एक बाजू पूर्ण व्हायला अर्धा मिनिट लागेल इतकं संथ. पादहस्तासन गाळलं, कारण डोकं खाली न्यायचं नव्हतं. मग बारा पावलांची येरझार: टाच, तळवा, बोटं.

भ्रामरीवर, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडण्यावर, मी बराच विचार केला. गुंजारवाने श्वास सोडणं आपसूक लांबतं, म्हणून ती हवी होती. पण नेहमीप्रमाणे कान बोटांनी बंद करून केली तर गुणगुण थांबताक्षणी आतला आवाज आणखी मोठा वाटणार. म्हणून कान उघडे ठेवून, हात गुडघ्यांवर ठेवून सात वेळा. शेवटी शवासन नाहीच. डाव्या कुशीवर, टेबलफॅन चालू ठेवून, पाच मिनिटं.

पहिले दोन आठवडे आप्पा ते औषधासारखं घेत होते, करायचं म्हणून. तिसऱ्या आठवड्यात वजन बदलताना ते मध्येच थांबले आणि म्हणाले, ‘बाई, हे आमचं पावलीच की.’

आप्पा माळकरी आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं. गळ्यातली माळ शर्टाच्या आत असायची. एकादशीला देवळात हरिपाठाला उभे राहणारे, हातात टाळ घेऊन मृदंगावर पावलं टाकणारे. गेली दोन वर्षं कामापायी ते सुटलं होतं. त्यांनी मला पावली करून दाखवली. दोन पावलं पुढे, दोन मागे, गुडघ्यात किंचित लवून. परड्यात त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांचे खांदे कानांपासून खाली आलेले मी पाहिले.

इथे मला थांबून विचार करावा लागला. मी वर्गात भक्तीचं काही घेत नाही. वर्गात मोमीन बांधव येतात, लिंगायत येतात, कुणाला परकं वाटू नये. पण ही साधना एका माणसाची होती, आणि त्या माणसाच्या पायांत ती आधीपासून होती. मी घेऊन आलेली प्रत्येक गोष्ट त्यांना आधी शिकावी लागत होती. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. कॅथलिक जपमाळ किंवा मंत्र म्हणताना माणसांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो, असं त्यात दिसलं. कुणी त्यांना सावकाश श्वास घ्यायला सांगितलं नव्हतं. म्हणण्याची लांबीच श्वासाला तिथे नेते. अभंगाचा एक चरण एका श्वासात म्हणणाऱ्याचंही तेच होत असणार, असं मला वाटलं.

मग हातांची हालचाल आणि येरझार ठेवली, मधली दहा मिनिटं पावलीला दिली. टाळ हळू, ठेका हळू, एका चरणाला एक श्वास. मी बाजूला उभी राहिले. तो भाग शिकवण्याची गरजच नव्हती.

कानांचं मात्र वेगळं बघावं लागलं. रात्री वीस मिनिटं शरीर निववायचं आणि दिवसा दहा तास त्याच आवाजात उभं करायचं, याला काय अर्थ? तज्ज्ञांनी फोमचे बोळे दिले होते, आप्पा ते घालत नव्हते. कारण विचारलं तर म्हणाले, धागा तुटला की माग सूर बदलतो, दिसायच्या आधी ऐकू येतो. कान बंद केले तर कापड बिघडणार. हे कारण खरं होतं, त्याला हट्ट म्हणता येत नव्हतं. शेवटी मुलाशी बोलून ठरवलं, दुपारी दोन ते सहा मुलगा चारही मागांवर लक्ष ठेवेल आणि तेवढा वेळ आप्पा बोळे घालतील. निम्मंच झालं, पण तेवढं तरी झालं.

मध्येच बिघडलं ते

जुलैमध्ये, आषाढात, मंगाई देवीच्या यात्रेचे दिवस आले. आधी वार पाळणूक, म्हणजे ठरलेल्या वारी काम बंद ठेवणं, मग यात्रा. घरचे माग बंद, शेजारचेही बंद. घरात पाहुणे, जेवणावळी. मला वाटलं, आता आप्पांना विश्रांती मिळेल, मी चार दिवस गेले नाही.

यात्रेच्या दुसऱ्या रात्री मुलाचा फोन आला. आप्पा घामाघूम होऊन बसले होते, पुन्हा बोटं वळतील म्हणून मुठी आवळून. या वेळी आधी डॉक्टरांना फोन केला. त्यांच्या सांगण्यावरून रक्तदाब मोजला, तो बरा होता. मग मी गेले. सगळी गल्ली गप्प होती. अख्ख्या वडगावात माग चालत नव्हता, आणि त्यामुळे आप्पांच्या कानातला माग कधी नव्हे एवढा मोठा झाला होता.

माझा हिशेब उलटा निघाला होता. इतरांना सुट्टीत आराम मिळतो, आप्पांना सुट्टीतच आधाराची जास्त गरज होती. त्या रात्री आम्ही परड्यात एक तास चाललो, बारा पावलं जायचं, बारा पावलं यायचं. पाहुण्यांपैकी एक म्हातारे गृहस्थ न विचारता आमच्या मागे चालू लागले. साडेबाराला आप्पा पंखा लावून झोपले.

त्यानंतर वार पाळायचे दिवस, अमावास्या, वीज जाण्याची वेळ, या सगळ्यांसाठी वेगळी तयारी ठेवली: हळू आवाजात रेडिओ किंवा पंखा, आणि संध्याकाळऐवजी झोपायच्या अगदी आधी येरझार.

दिवाळीच्या ऑर्डरी आल्या तेव्हा महिनाभर साधना बंदच पडली. तो खंड मी धरून चालले होते, म्हणून ओरडले नाही.

दहा महिन्यांनी

आप्पांची झोप किती वाढली हे मला ठाऊक आहे ते वहिनींमुळे. त्या रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने दोन आकडे लिहीत: कधी डोळा लागला, कधी जाग आली. सुरुवातीला तीन तास, साडेतीन तास. जूनमध्ये बहुतेक रात्री पाच. यात्रेच्या आठवड्यात पुन्हा तीन. जानेवारीत पाच ते सहा. मध्ये कोऱ्या चौकटी आहेत, त्या दिवाळीच्या.

रक्तदाब आता 130/84च्या आसपास असतो. डॉक्टर म्हणाले, हे मुख्यतः गोळीचं काम, आणि गोळी नियमित घेण्याची सवय तुमच्या साधनेसोबत लागली असेल तर तेवढं श्रेय घ्या. मी तेवढंच घेते. आप्पांनी गोळी स्वतःच्या मनाने सोडायची नाही, हे मी दर आठवड्याला सांगते, कारण ‘योग करतो मग गोळी कशाला’ हे वाक्य मी या गल्ल्यांत फार ऐकलं आहे.

बसल्या जागी श्वास मिनिटाला 15-16 भरतात. पावली संपल्या संपल्या एकदा मोजले तर 9 होते.

कानातला आवाज गेलेला नाही. तो जाईल असं मी कधी म्हटलंही नव्हतं. आप्पा म्हणतात, ‘वाजतंय, खरं आता ते माझ्या अंगावर येत नाही.’ बोळे ते अजूनही रोज घालत नाहीत. एकादशीच्या हरिपाठाला मात्र परत जाऊ लागलेत, आणि माझ्या तीन संध्याकाळी आता महिन्यातून एकीवर आल्यात. डोळे मिटून ध्यानाला ते अजून बसत नाहीत. बसावं असं मला आता वाटतही नाही.

आज वेगळं काय केलं असतं

पहिल्या दिवशी पाच मिनिटं जास्त दिली असती. रक्तदाब, हृदय, चक्कर, हर्निया, गरोदरपण हे विचारायचंच, पण त्यासोबत काम काय, कुठे उभे राहता, आवाज किती, कान वाजतात का, आणि गप्प बसल्यावर तुम्हाला काय होतं? हा शेवटचा प्रश्न मी आता प्रत्येकाला विचारते. उत्तरं ऐकून मीच थक्क होते. बऱ्याच बायका म्हणतात, गप्प बसलं की रडू येतं.

भस्त्रिका मी सरसकट वर्गाला देणं बंद केलं आहे. डोळे मिटण्याची सक्ती नाही, उभं राहून करायची मुभा आहे, आणि दाराजवळच्या दोन चटया उठून जावंसं वाटणाऱ्यांसाठी राखून ठेवते.

त्या दिवशी आप्पांना घरी न पाठवता दवाखान्यात नेलं असतं, हे वर लिहिलंच आहे. तेच पुन्हा लिहिते, कारण हे वाचणाऱ्यांत वर्ग घेणारे असतील. छातीची तक्रार आपण ओळखायची नसते, ओळखणाऱ्याकडे पोचवायची असते.

बोटांकडेही लक्ष दिलं असतं. गाठी मारणारी ती बोटं मला पहिल्याच आठवड्यात सगळं सांगत होती. अलीकडे कुशीवर पडल्यावर ती कधी थांबलेली असतात, कधी हलत असतात. हलत असली तर आम्ही आणखी दोन फेऱ्या चालतो.

आणि वहिनी. दहा महिने मी त्या घरात जात होते, त्या चहा देत होत्या, आकडे लिहीत होत्या, रात्री नवऱ्यासोबत जागत होत्या. त्यांना झोप किती लागते, हे मी एकदाही विचारलं नाही. त्या कॅलेंडरवरचा प्रत्येक आकडा लिहायला कुणीतरी जागं होतं, एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नाही. गेल्या आठवड्यात त्याच म्हणाल्या, कांड्या भरून भरून मान धरलीय, उजवा हात वर जात नाही, आणि आता ह्यांना झोप लागते तर मला लागत नाही.

बुधवारी संध्याकाळी त्यांच्यासाठी जाणार आहे. त्याआधी बीपी तपासून यायला सांगितलंय, आणि त्या दिवशीचा चहा आप्पांनी करायचा, असं ठरलंय.